सॉर्बिट्रेट दिली आणि बीपी कोसळलं

शेतातच छातीत कळ आली, दरदरून घाम फुटला. गावात पित्त समजून कमरेत इंजेक्शन दिलेलं, वर ‘हार्टचं असलं तर असू दे’ म्हणून जिभेखाली सॉर्बिट्रेट, म्हणजे नायट्रेट गटातली गोळी. आमच्या उपजिल्हा रुग्णालयात उतरवलं तेव्हा साठीतल्या त्या काकांचं बीपी ७६/५०, नाडी ४६. मानेच्या शिरा टम्म, पण छाती स्वच्छ, फुफ्फुसात पाण्याचा मागमूस नाही.

ही तीन लक्षणं एकत्र दिसली की हृदयाच्या उजव्या कप्प्याला झटका बसल्याचा संशय घ्यायचाच. ईसीजीत हृदयाची खालची बाजू दाखवणाऱ्या लीड २, ३ आणि एव्हीएफमध्ये एसटी (झटक्यात वर चढणारा आलेखाचा भाग) वर, ३ मध्ये २ पेक्षा जास्त. म्हणजे बहुधा उजवी कोरोनरी, हृदयाला रक्त पुरवणारी धमनी, बंद. सिस्टरांनी छातीच्या डाव्या बाजूची व्ही-४ची लीड काढून छातीच्या उजव्या बाजूला त्याच जागी लावली. तिथेही एसटी वर. हा उजवीकडचा ईसीजी लगेच घ्यावा, काही तासांत हा बदल पुसला जातो.

दुखावलेला उजवा कप्पा शिरांतून परत येणाऱ्या रक्ताच्या दाबावरच कसाबसा चालतो. सॉर्बिट्रेट शिरा सैल करते, परतीचं रक्त घटतं आणि डाव्या कप्प्याला पुढे ढकलायला काही उरत नाही. लघवी वाढवणाऱ्या लॅसिक्सनंही तेच होतं. गावाकडे सॉर्बिट्रेट म्हणजे हार्टची गोळी, बीपी बघतो कोण!

पाय उंच केले, नॉर्मल सलाईन २५० मिली भरभर, छाती ऐकून पुन्हा २५०. अ‍ॅट्रोपिन ०.६ मिलिग्रॅम, नाडी वाढावी म्हणून, दोनदा. बीपी ९६ वर आलं. इथे थांबायचं. सलाईन ओततच राहिलं तर फुगलेला उजवा कप्पा मधला पडदा डावीकडे ढकलतो आणि डाव्या कप्प्याची जागा घटते. त्यापेक्षा बीपी वाढवणारं नॉरअ‍ॅड्रेनालिन बरं.

अ‍ॅस्पिरिन ३२५ चावून आणि क्लोपिडोग्रेल ३०० मिलिग्रॅम, रक्ताची गुठळी वाढू नये म्हणून, तोवर दिली होती. अँजिओप्लास्टी होते ती कॅथलॅब १२० मिनिटांत गाठणं अशक्य, दुखणं सुरू होऊन तीन तास. म्हणून गुठळी विरघळवणारं औषध द्यायचं ठरलं, पण त्यानं रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून आधी विचारलं. पूर्वी पक्षाघात, डोक्याला मार, काळी शौच, रक्त पातळ करणारी गोळी: सगळ्याला ‘नाही’. वजन ६८ किलो, म्हणून ते औषध, टेनेक्टेप्लेज, ३५ मिलिग्रॅम, म्हणजे ७ मिली, एका दमात. व्हायल हलवायची नाही, फेस होतो. लाइनमध्ये डेक्स्ट्रोज असेल तर औषध साकळतं, म्हणून आधी आणि नंतर सलाईननं धुवायची. मागोमाग रक्त गोठू न देणारं एनॉक्सापॅरिन.

पाऊण तासानं मॉनिटरवर रुंद ठोके, गती ८०. ब्रदरांचा हात असे ठोके दाबणाऱ्या लिग्नोकेनकडे गेला, त्यांना थांबवलं. बीपी टिकून असेल तर हे रक्तवाहिनी उघडल्याचं लक्षण, ते आपोआप जातं. दीड तासानं एसटी निम्म्याहून खाली. तसं झालं नसतं तर वाट न पाहता थेट अँजिओप्लास्टीला.

कमरेतल्या इंजेक्शनच्या जागी मात्र तळहाताएवढी निळी गाठ. हार्टची शंका असताना स्नायूत सुई नको म्हणतात, ते याचसाठी: गुठळी विरघळवणारं औषध दिलं की तिथे रक्त साचतं. तिथे घट्ट दाबपट्टी बांधली, हिमोग्लोबिन पाहिलं आणि १०८ रुग्णवाहिकेनं अँजिओप्लास्टीची सोय असलेल्या रुग्णालयाकडे रवाना केलं. सोबत तिन्ही ईसीजी, टेनेक्टेप्लेज दिल्याची वेळ आणि चिठ्ठीवर ठळक अक्षरांत: नायट्रेट देऊ नये.