पोलिसांना बोलावलं, त्यानंतरची पत्रं

मंगळवार, रात्र

सध्या जेवणं उरकली की अडोर्नो आणि मार्कुझ या जर्मन तत्त्वज्ञांचा १९६९चा पत्रव्यवहार घेऊन बसतो. साठच्या दशकातल्या विद्यार्थी आंदोलनांचा विषय निघाला की ठरलेलं भांडण सुरू होतं. एक म्हणतो पोरांनी शिस्त बुडवली, दुसरा म्हणतो पोरांनी जग हलवलं. कोण काय बोलणार ते आधीच ठाऊक असतं, म्हणून मला त्यात राम वाटत नाही. इथे मात्र भांडताहेत एकाच घरातले दोघं.

दोघंही फ्रँकफर्टच्या सामाजिक संशोधन संस्थेतले, दोघांनाही हिटलरमुळे देश सोडावा लागलेला. युद्धानंतर अडोर्नो परतला, मार्कुझ अमेरिकेतच राहिला. भांडवली समाज माणसाला आतून कसा पोखरतो, हे जर्मन पोरं यांच्याच पुस्तकांतून शिकली.

३१ जानेवारी १९६९ला विद्यार्थी या संस्थेच्या इमारतीत शिरले. संचालकांना, म्हणजे अडोर्नो आणि त्याच्या सहकाऱ्यांना, वाटलं, इमारत बळकावायला आले. पोरं म्हणाली, आम्हाला चर्चेला खोली हवी होती. पोलिसांना बोलावलं गेलं आणि ७६ जणांना धरून नेलं. त्यांचा म्होरक्या हान्स-युर्गेन क्राल खुद्द अडोर्नोकडे पीएच.डी. करत होता!

एप्रिलच्या सुरुवातीला मार्कुझनं कॅलिफोर्नियातून कळवलं की पोलीस की डावे विद्यार्थी असा प्रश्न आला, तर मी विद्यार्थ्यांच्या बाजूचा. अपवाद एकच, जिवावर बेतलं तर. नुसती खोली अडवली म्हणून पोलीस बोलावायचे नसतात. हे दूर बसून लिहिणं सोपं, असं वाटेल. पण तोही काही सुखात नव्हता, आदल्याच वर्षी त्याला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या होत्या.

त्याच महिन्यात अडोर्नोच्या वर्गात कुणीतरी फळ्यावर यमक जुळवून लिहिलं की अडोर्नोच्या भरवशावर बसाल तर भांडवलशाही जन्मभर सुटणार नाही. मग तीन विद्यार्थिनी छाती उघडी टाकून त्याच्याभोवती आल्या. तो ब्रीफकेस तोंडापुढे धरून बाहेर पडला. पासष्टीचा माणूस, पियानो वाजवणारा, शब्दाशब्दाला जपणारा. वाचताना मला त्याची कीव आली.

हे जेवताना बोललो, तर लेक उसळली. "बाबा, त्या तिघींचं तुम्हाला लागलं. आणि ७६ जणांना गाडीत कोंबलं त्याचं काय?" तिची आई म्हणाली, "अगं, वर्गात असं केलं तर शिकवायचं कुणी?" मी भात कालवत राहिलो. दोघींचंही पटत होतं.

मे महिन्यातलं अडोर्नोचं उत्तर मी पुन्हा पुन्हा वाचलं. आपल्या काळी ज्यूंचं हत्याकांड झालं, ते आपण सोसलं आणि तरी कृतीत उतरलो नाही, कारण वाटच बंद होती, असं तो मित्राला सांगतो. पोरांच्या आवेशात त्याला फॅसिझमची चाहूल लागत होती. त्याचा शिष्य हाबरमास १९६७मध्येच "डावा फॅसिझम" म्हणून बसला होता, आणि पुढे त्यानं तो शब्द मागे घेतला. ते साल बेनो ओनेझोर्गचं. २ जूनला पश्चिम बर्लिनमध्ये इराणच्या शाहविरुद्धच्या निदर्शनात पोलिसाच्या गोळीनं तो विद्यार्थी गेला. गोळी झाडणारा पोलीस पूर्व जर्मनीच्या गुप्तहेर खात्याचा माणूस होता, हे २००९मध्ये उघड झालं. म्हणजे चाळीस वर्षं दोन्ही बाजू अर्ध्याच माहितीवर तावातावानं बोलत होत्या.

घाबरून पोलिसांना फोन केला, हे मी समजू शकतो. तो काळच तसा होता. पण जुलैमध्ये क्रालवर घुसखोरीचा खटला चालला आणि अडोर्नोनं साक्ष दिली, ते मला गिळवत नाही. आपल्याच विद्यार्थ्याविरुद्ध कोर्टात!

त्यानंतर तो सुट्टीवर स्वित्झर्लंडला गेला आणि ६ ऑगस्टला हृदयविकारानं वारला. मार्कुझला लिहिलेल्या शेवटच्या पत्रात तो आंदोलनाचं मोल मान्य करतो, आणि त्यात वेडाचा एक अंश आहे, असंही म्हणतो. हे त्यानं जानेवारीतच क्रालला समोर बसवून ऐकवायला हवं होतं. क्राल काही गप्प ऐकून घेणारा नव्हता, कडाकडा भांडला असता. पण कोर्टापेक्षा ते पुष्कळ बरं.