रक्त थांबलं म्हणजे हीट संपली नाही

कुत्री हीटवर, म्हणजे माजावर, आली की घरातले फरशीवरच्या डागांकडे बघत बसतात आणि डाग फिके झाले की निर्धास्त होतात. नको असलेली पिल्लं बहुतेक वेळा त्याच आठवड्यात राहतात.

माज साधारण तीन आठवडे चालतो. पहिले आठ-दहा दिवस लघवीची जागा सुजते, लालभडक स्राव येतो, नर मागे लागतात, पण ती गुरगुरते आणि शेपूट दाबून खाली बसते. मग स्राव फिका, पेंढ्याच्या रंगाचा होतो आणि शेपटीच्या मुळाशी हात लावला की ती शेपूट बाजूला घेऊन स्थिर उभी राहते. खरे धोक्याचे दिवस हे. ते कधी सुरू होतील हे प्रत्येकीचं वेगळं, म्हणून पहिला डाग दिसला ती तारीख कॅलेंडरवर लिहा आणि तिथून चार आठवडे पट्टा सोडू नका. काही जणी चाटून इतक्या स्वच्छ राहतात की डाग दिसतच नाही. रोज सकाळी पांढरा टिश्यू हलकेच टेकवून पाहा.

डायपर सोफ्यासाठी असतो, नरापासून वाचवायला नाही. लहान बाळाचा डायपर शेपटीपुरतं भोक पाडून चालतो. तीन-चार तासांनी बदला, शी-शूच्या आधी काढा, मधूनमधून जागा मोकळी ठेवा, नाहीतर ओलीमुळे पुरळ उठतं. ती एकटी असताना डायपर नको: फाडून गिळला तर आतड्यात अडकतो. जागा कोमट पाण्याने पुसून कोरडी करा, डेटॉल अजिबात नको. चादरीवरचे डाग आधी थंड पाण्यात. गरम पाण्याने ते पक्के बसतात.

फिरवायला पहाटे किंवा उशिरा न्या, पट्टा आखूड धरा. या दिवसांत ती थोडी थोडी लघवी जागोजागी करते आणि तो वास नरांना दारापर्यंत आणतो, म्हणून सोसायटीच्या गेटजवळ थांबू देऊ नका. घरात नर असेल तर मधे बंद दार हवंच. भाऊ-बहीण असले तरी फरक पडत नाही. सहा-सात महिन्यांचा नरही पुरतो. जोडी अडकलीच तर ओढू नका, पाणी मारू नका. दोघांनाही इजा होते. ती साधारण पंधरा-वीस मिनिटांत आपोआप सुटतात. मग डॉक्टरांना लगेच कळवा.

हीट थांबवायचं इंजेक्शन सोयीचं वाटतं, पण त्याने गर्भाशयात पू होण्याचा आणि स्तनांच्या गाठींचा धोका वाढतो. ते टाळलेलंच बरं.

हीटनंतरचे दोन महिने मात्र कोणी लक्ष देत नाही. पाणी खूप पिणं, सारखी लघवी, जेवण सोडणं, उलट्या, सुस्ती, घाण वासाचा स्राव यांतलं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या, सोनोग्राफी करून घ्या. गर्भाशयाचं तोंड बंद असेल तर पू बाहेर येतच नाही, नुसतं पोट फुगतं, आणि तो प्रकार जास्त जीवघेणा. गर्भ नसताना दूध येणं, खेळणी कुशीत घेऊन बसणं हे मात्र बहुधा दोन-तीन आठवड्यांत निवळतं. स्तन पिळू नका, दूध वाढतं.

नसबंदी माजात शक्यतो नको, तेव्हा रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात आणि रक्तस्राव जास्त होतो. दोन-तीन महिने जाऊ द्या. पू झाला असेल तर मात्र एक दिवसही थांबू नका.