दोघांत एक कोय

दोन मुलगे असलेल्या घरात आईचा बराचसा वेळ न्यायदानात जातो, हे मला कोणी आधी सांगितले नव्हते. आमचा थोरला १९९१ सालचा आणि धाकटा १९९४ चा. नाशिकला सिडकोत आमचे दोन खोल्यांचे घर होते आणि त्यात सासूबाई, आम्ही दोघे आणि ही दोन मुले असे पाच जण राहत होतो. मुलांचे बाबा सातपूरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात पाळीने कामाला जात आणि मी बँकेत होते. पगार दोन असले तरी घराचा हप्ता, गावाकडचे देणेघेणे आणि शाळा यांतून उरे ते बेतानेच, त्यामुळे सायकल एक, बॅट एक, कॅरम बोर्ड एक आणि खिडकीपाशी झोपण्याची जागाही एकच होती. मागणारे मात्र नेहमी दोघे असत.

त्या वर्षांतले मोठे प्रसंग, म्हणजे वाढदिवस, बक्षिसे, मुंजी, मला फारसे आठवत नाहीत. ते फोटोंच्या अल्बममध्ये आहेत, तेव्हा ते मी लक्षात ठेवण्याची गरजही नाही. लक्षात राहिली आहे ती संध्याकाळची स्वयंपाकघरातली भांडणे, आणि त्यांतलीही खाण्यापिण्याची अधिक. म्हशीच्या दुधावरची साय मी विरजणासाठी साठवत असे, कारण घरचे तूप त्यावरच निघे, म्हणून साय-साखर पोळीवर घालून मिळण्याचा वार फक्त रविवार होता. रोज मिळण्यासारखी गोष्ट म्हणजे दुधाच्या पातेल्याची खरवड. ती काढायला पातेले एक आणि चमचा एक, त्यामुळे आज कोणाची पाळी हे ठरवताना दोघेही मागचे आठ दिवस इतके तपशीलवार सांगत की बँकेतले खातेउतारे मला त्यापुढे सोपे वाटत.

आंब्याच्या दिवसांत हा प्रश्न आणखी बिकट होई. आंब्याच्या दोन बाजू सारख्या कापता येतात, पण कोय एकच निघते, आणि दोघांच्या मते खरा आंबा कोयीलाच असे. दोन आंबे कापले की सुटका होई. पण महिनाअखेरीस जेवणानंतर एकच आंबा पाचांत वाटून घ्यावा लागे, आणि मग कोयीचा निकाल लागेपर्यंत फोडी ताटात तशाच पडून राहत. शेवटी भिंतीवरच्या कॅलेंडरवर एक दिवस थोरल्याचा आणि एक दिवस धाकट्याचा, अशा खुणा करायला मी सुरुवात केली. ही व्यवस्था नीट चालली, फक्त ज्या दिवशी आंबाच घरात नसे त्या दिवसाची पाळी बुडाली की पुढे सरकली, यावर नवा वाद निघाला. सासूबाईंनी त्यावर दिलेला निर्णय मला अजून आवडतो. त्या म्हणाल्या की एकादशीला जेवण नसते म्हणून द्वादशीला कोणी दोनदा जेवत नाही. मुलांना ते पटले की नुसते कळले नाही म्हणून ती गप्प बसली, हे मला सांगता येणार नाही.

जे कापता येते त्यासाठी मात्र नियम एकच होता: एकाने कापायचे आणि दुसऱ्याने आधी उचलायचे. हा नियम मी कुठे ऐकला ते आठवत नाही, पण दोनच मुले असतील तर त्याच्याइतका निर्दोष नियम दुसरा नाही, कारण कापणाऱ्याचेच हित सारखे कापण्यात असते. थोरला खोबऱ्याची वडी कापण्याआधी कंपासपेटीतली पट्टी आणत असे. पुढे त्याच्या लक्षात आले की धाकटा नजरेला मोठा दिसेल तो तुकडा उचलतो; मग तो एक तुकडा पसरट पण पातळ आणि दुसरा आखूड पण जाड राहील अशा बेताने सुरी चालवू लागला. धाकट्याने हे किती दिवस सोसले कोण जाणे, पण एका संध्याकाळी त्याने दोन्ही तुकडे दोन तळहातांवर घेऊन, डोळे मिटून तोलून पाहिले आणि जाड तुकडा उचलला. थोरल्याने त्यावर हरकत घेतली की उचलायचा म्हणजे एकदाच उचलायचा, आधी हात लावायचा नाही. ती हरकत मी फेटाळली. भावंडे असली की मुले वाटून खायला शिकतात असे सगळे म्हणतात. आमची मुले वाटून खायला शिकली असतील तर ती पुष्कळ नंतर, आधी ती हिशेब शिकली, आणि मला त्यात काही वावगे वाटत नव्हते.

मुलांच्या बाबांची तिसरी पाळी असे त्या आठवड्यात घराचे रूपच पालटे. ते सकाळी आठच्या सुमारास घरी येत, चहा-पोळी खाऊन नऊला आतल्या खोलीत झोपत आणि दुपारी तीनपर्यंत कोणी त्यांना उठवायचे नाही, असा सासूबाईंचा दंडक होता. मुलांची शाळा सकाळची, त्यामुळे साडेबाराला ती घरी येत आणि मधले अडीच तास बाहेरच्या खोलीत आवाज न करता काढावे लागत. कॅरम तर मनाईच होता. पत्ते चालत, पण हरल्यावर ओरडायचे नाही. मी तेव्हा बँकेत असल्यामुळे हे मूकनाट्य मला फार थोडे पाहायला मिळाले, मात्र एकदा सुट्टी घेऊन घरी राहिले होते तेव्हा पाहिले की दोघे जमिनीवर एकमेकांना घट्ट धरून लोळत आहेत, चेहरे लालबुंद झाले आहेत आणि एकाच्याही तोंडून हूं की चूं निघत नाही. मध्येच कोणाचा तरी पाय पत्र्याच्या पेटीला लागला, तशी दोघेही जागच्या जागी थांबली, आतल्या खोलीतल्या घोरण्याचा कानोसा घेतला आणि मग पुन्हा तिथूनच पुढे सुरू झाली.

या आठवड्यांतल्या तक्रारी पाटीवर लिहून ठेवल्या जात. थोरल्याला लिहिता येत होते, त्यामुळे त्याची बाजू शब्दांत असे: 'याने माझा पत्ता बघितला', 'याने दोनदा चिमटा काढला, मी एकदाच काढला'. धाकट्याला अक्षर यायचे होते म्हणून तो चित्र काढी; एक मोठा माणूस, एक लहान माणूस आणि मोठ्या माणसाच्या हातात बहुधा काठी. संध्याकाळी मी दारात चपला काढत असतानाच ही पाटी माझ्यापुढे धरली जाई. साक्षीदार म्हणून सासूबाईंना विचारावे तर त्या नेहमी एकच सांगत, की मी तेव्हा पोथी वाचत होते. इतकी पोथी कोणी वाचत नसते हे मला ठाऊक होते आणि मला ठाऊक आहे हे त्यांनाही ठाऊक होते.

कपडे, दप्तर आणि पुस्तके यांबाबत धाकट्याची बाजू पहिल्यापासून पडती होती. थोरल्याचा गणवेश त्याला येई, थोरल्याच्या पुस्तकांना नवीन खाकी कव्हरे घालून तीच त्याला मिळत, आणि दर जूनमध्ये नव्या पुस्तकांचा वास घेत बसलेल्या भावाकडे तो ज्या नजरेने पाही ती पाहून मलाच अपराधी वाटे. पण २००० सालच्या जूनमध्ये त्याचा दिवस आला. त्या वर्षापासून महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. त्याआधी आमच्या मुलांच्या शाळेत इंग्रजी पाचवीला सुरू होत असे. धाकटा त्या जूनमध्ये पहिलीत गेला आणि थोरला चौथीत होता, म्हणजे धाकट्याच्या दप्तरात इंग्रजीचे कोरे करकरीत पुस्तक आले आणि थोरल्याला त्यासाठी आणखी एक वर्ष थांबायचे होते. हे पुस्तक थोरल्याचे असण्याचा प्रश्नच नव्हता, कारण ते त्याला कधी मिळालेच नव्हते.

थोरल्यासाठी हा अन्याय इतका उघड होता की त्याला मांडायला शब्दच सुचेनात. चौथीची शिष्यवृत्ती परीक्षा जवळ आलेली, वर्गात पहिल्या पाचांत येणारा मुलगा, आणि त्याचा पहिलीतला भाऊ जेवताना ताटातल्या जिनसांची नावे इंग्रजीत सांगतो. धाकट्याला नावे तरी कितीशी येत होती? केळे, आंबा, दूध, अंडे एवढीच. आणि अंडे तर आमच्या घरात सासूबाईंपुढे उच्चारायचीही सोय नव्हती. तरी तो दररोज त्यांची उजळणी करी. काही दिवसांनी रात्री पाणी प्यायला उठले तेव्हा थोरला बाहेरच्या खोलीत दिव्याखाली धाकट्याचे ते पुस्तक उघडून बसलेला दिसला. मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी धाकट्याने पुस्तकाचे पान दुमडलेले ओळखले आणि तक्रार आणली, तेव्हा त्यावर तोडगा असा निघाला की थोरल्याला पुस्तक वाचू द्यायचे आणि त्याने बदल्यात धाकट्याला पाढे पाठ करून घ्यायला मदत करायची. भाऊ आपल्याला इंग्रजी शिकवतो हे शाळेत कोणाला सांगायचे नाही, ही अट थोरल्याने घातली होती आणि ती धाकट्याने बहुतेक पहिल्याच आठवड्यात मोडली.

आजारपणातही हिशेब सुटला नाही. थोरल्याला कांजिण्या आल्या तेव्हा त्याला आतल्या खोलीत निराळा ठेवला होता, अंघोळीच्या पाण्यात कडुनिंबाचा पाला असे आणि मी रजा घेऊन त्याच्या उशाशी बसत असे. धाकटा दारातून हे सगळे पाही. दोनएक आठवड्यांनी त्यालाही कांजिण्या आल्या, आणि अंगभर आल्या. घरातल्या दुसऱ्या मुलाला त्या बऱ्याचदा अधिक जोरात येतात असे डॉक्टरांनी सांगितले. ताप उतरल्यावर त्याने पहिले काम केले ते पोटावरचे फोड मोजण्याचे. भावाचे त्याने आधीच मोजून ठेवले होते.

तेव्हा बँका शनिवारी अर्धा दिवस चालत, आणि मुलांच्या बाबांची पहिली पाळी असेल तर शनिवारची दुपार चौघांची मिळून असे. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडल्याची बातमी आली की आम्ही स्कूटरवरून गंगेवर पूर पाहायला जात असू. बाहेरच्या वाचकांसाठी सांगायचे तर आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो. स्कूटरवर पुढे उभे राहायचे मानाचे स्थान एक आणि बाबांच्या व माझ्या मध्ये चेंगरून बसायचे स्थान एक. जाताना एकाने पुढे आणि येताना दुसऱ्याने, हे ठरलेले होते, पण येताना अंधार पडतो आणि पुढून काही दिसत नाही, म्हणून जातानाची बाजू कोणाची यावर सिडको ओलांडेपर्यंत कटकट चाले. रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती हे नाशिकच्या पुराचे माप आहे. पाणी त्याच्या गुडघ्याला लागले, कमरेला लागले, छातीपर्यंत आले, अशीच चर्चा शहरभर होते, सरकारी आकडे काहीही असोत. पुलावर गर्दीत उभे राहून आमची दोन्ही मुले त्या मारुतीकडे बघत आणि एकाला जी कंबर वाटे ती दुसऱ्याला हमखास पोट वाटे. एकदा शेजारी उभ्या असलेल्या एका आजोबांनी दोघांचे ऐकून घेतले आणि सांगितले की पाणी गढूळ असल्यामुळे मारुतीने शर्ट खोचला आहे की नाही ते दिसत नाही, तेव्हा दोघांचेही बरोबर असू शकते. घरी येईपर्यंत दोघे भांडले नाहीत, हा बहुधा त्या उत्तराचाच परिणाम.

संक्रांतीला गच्चीवर पतंग थोरला उडवी आणि आसारी धाकटा धरी. त्याबद्दल इतकेच सांगते की ऐन पेचात मांजा सोडायचा नाही, हे धाकट्याचे हत्यार होते आणि त्यामुळे आमचे पतंग शेजाऱ्यांच्या हातून कमी आणि घरच्या बेबनावातून अधिक कटले.

पुढे आवाज फुटले, मिशा आल्या, संगणक घरात आला. वाद संपले नाहीत, पण ते माझ्याकडे येईनासे झाले. आपसांतच मिटवून टाकत, आणि कशावर मिटले ते मला कळतही नसे. बारावीनंतर २००९ मध्ये थोरला अभियांत्रिकीला पुण्याला निघाला, तेव्हा त्याच्या ट्रंकेत काय काय जाणार हे ठरवायला मात्र दोघे पुन्हा एकदा समोरासमोर बसले. बॅट थोरल्याला आणि सायकल धाकट्याला मिळाली. कॅरम बोर्ड वसतिगृहात नेणे शक्य नव्हते, म्हणून तो धाकट्याकडे राहिला. मग बरोबरी साधण्यासाठी थोरल्याने स्ट्रायकर मागितला आणि धाकट्याने तो नियमाप्रमाणे दिला. सोंगट्यांसह बोर्ड इथे आणि स्ट्रायकर पुण्यात, अशी ती वाटणी होती. त्यांच्या बाबांनी दुसऱ्याच दिवशी मेन रोडवरून नवा स्ट्रायकर आणला. तो फार हलका आहे आणि कुठेही भरकटतो, अशी धाकट्याची पुढचे सगळे महिने कुरकूर होती, आणि दिवाळीला थोरला घरी आला तेव्हा फराळाचे ताट पुढे येण्याआधी धाकट्याने नव्या स्ट्रायकरचे अर्धे पैसे त्याच्याकडे मागितले.