"साहेब, मी इथंच राहतो": नाशिक गावातली वाहतूकबंदी आणि रहिवाशांची गाडी

विसर्जन मिरवणुकीच्या दुपारी रविवार कारंजावर बॅरिकेड लागलं की पोलिसाला सारखं एकच वाक्य ऐकावं लागतं, "साहेब, मी इथंच राहतो." बहुतेक वेळा ते खरंही असतं, पण उपयोग होत नाही. बंदोबस्ताला आलेला शिपाई बऱ्याचदा दुसऱ्या ठाण्याचा किंवा बाहेरगावचा असतो. तिवंधा कुठं आणि दहीपूल कुठं हे त्याला माहीत नसतं, आणि गर्दीत गाडी शिरली तर जाब त्यालाच द्यावा लागतो. त्याच्यापाशी असते वाहतूक शाखेची अधिसूचना. तिच्यात रहिवाशांना सूट लिहिली असेल तर तो तुमचा हक्क झाला. लिहिली नसेल तर आत सोडणं न सोडणं ही त्याची मर्जी. खटपट करायची तर बंदीच्या दिवशी बॅरिकेडवर नाही, आधीच्या आठवड्यात कागदावर करावी.

अधिसूचना वाचताना बहुतेक जण 'पर्यायी मार्ग' बघतात आणि थांबतात. शेवटचा परिच्छेद वाचा. तिथं साधारण असं असतं: हे निर्बंध पोलीस दलाची वाहने, रुग्णवाहिका, अग्निशमन दल आणि शववाहिका यांना लागू राहणार नाहीत. 'रहिवासी' हा शब्द त्यात पुष्कळदा नसतो, आणि 'रिक्षा' तर जवळजवळ कधीच नसतो. दुसरी गोष्ट म्हणजे 'पासून' आणि 'पर्यंत'. मालेगाव स्टँड ते पंचवटी कारंजा बंद, असं लिहिलं असेल तर तेवढाच तुकडा बंद असतो. त्याला मिळणारा प्रत्येक बोळ बंद असेलच असं नाही. तिसरी गोष्ट वेळ. 'कार्यक्रम संपेपर्यंत' असं लिहिलं असेल तर घड्याळावर विसंबू नका.

या बंद्यांमागचा कायदा मोटार वाहन अधिनियम १९८८, कलम ११५. बंदी महिन्याहून जास्त चालणार असेल तर राजपत्रात प्रसिद्धी लागते. महिन्यापर्यंतची असेल तर स्थानिक प्रसिद्धी पुरते. 'प्रायोगिक तत्त्वावर' म्हणून येणारा एखादा एकेरी मार्ग महिन्याभराचाच का असतो, त्याचं एक कारण यात आहे. रहिवाशांनी हरकत नोंदवायची खरी वेळही तीच. बदल कायम झाल्यावर तो मागे घ्यायला लावणं फार जड जातं.

प्रत्येक बंदी सारखी नसते, आणि रहिवासी म्हणून पोलिसांकडून गाडीला मिळालेला पास असला म्हणजे तो सगळीकडे चालतो हा गैरसमज इथंच महागात पडतो. रंगपंचमीचं बघा. शनी चौक, तिवंधा किंवा दिल्ली दरवाजा इथली रहाड उघडली की चौकात रंगाने भरलेला खड्डाच असतो. तिथं पास काय, लाल दिव्याची गाडीही जाणार नाही. विसर्जन मिरवणुकीचा प्रकार वेगळा. वाकडी बारव, भद्रकाली, मेन रोड, एमजी रोड, अशोक स्तंभ, रविवार कारंजा, मग होळकर पूल आणि पंचवटी कारंजा असा तो मार्ग. नकाशावर बोट फिरवलंत तर लक्षात येईल की सराफ बाजार, तिवंधा या बाजूची वस्ती एका अंगाला गंगा (गोदावरीला इथं कोण गोदावरी म्हणतं!) आणि दुसऱ्या अंगाला मिरवणूक यांच्यात अडकते. मिरवणूक मार्ग ओलांडू द्या, असं म्हणण्यात अर्थ नाही. संध्याकाळी गाडी लागणार असेल तर सकाळीच ती मार्गाच्या बाहेर उभी करून ठेवा. नवरात्रात कालिका यात्रेला गडकरी चौक ते मुंबई नाका या पट्ट्यात बंदी येते, तिथं मात्र मागच्या कॉलन्यांचे रस्ते असतात. थोडा वळसा घेतला की काम होतं, पासची गरज पडत नाही.

सिंहस्थ कुंभमेळ्याची गोष्ट निराळी. २७ ऑगस्ट २००३ रोजी सरदार चौकाजवळच्या उतारावर चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविक गेले. काळाराम मंदिराकडून रामकुंडाकडे उतरणाऱ्या या अरुंद बोळांत एक उभी चारचाकीसुद्धा बुचासारखी बसते, म्हणून तिथं रहिवाशालाही गाडी नाकारतात, आणि माझ्या मते ते बरोबर आहे. उलट २०१५ ला २९ ऑगस्टच्या पहिल्या शाही स्नानाला बॅरिकेडिंग इतकं कडक झालं की घरात राहणाऱ्यांचीच कोंडी झाली. १३ सप्टेंबरच्या दुसऱ्या स्नानाला ते सैल करावं लागलं. पुढच्या सिंहस्थाचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आणि नाशिकची अमृत स्नानं (म्हणजे आधीची शाही स्नानं) २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि ११ सप्टेंबर २०२७ ला. पंचवटीत राहणाऱ्यांनी या तीन तारखांच्या आसपास लग्न, शस्त्रक्रिया, घर बदलणं यांपैकी काही ठरवू नये.

कागदांकडे येऊ. पाससाठीचा अर्ज आपल्या हद्दीच्या पोलीस ठाण्यात आणि वाहतूक शाखेत, दोन्हीकडे द्या. पंचवटी, सरकारवाडा, भद्रकाली ही गावातली मुख्य ठाणी. आपली हद्द कुठल्याची ते आधी बघून घ्या, कारण रस्त्याच्या दोन बाजूंना दोन हद्दी असतात. सोबत तीन कागद लावा: आधार कार्ड, वीजबिल आणि गाडीचं आरसी (नोंदणी प्रमाणपत्र). अडचण येते ती इथंच. वाड्यातल्या घरांची वीजबिलं अजून आजोबांच्या नावावर असतात, आणि आरसीवरचा पत्ता जुन्या भाड्याच्या घरचा असतो. नावं जुळत नसतील तर नात्याचा पुरावा म्हणून रेशन कार्डाची प्रत जोडा. भाडेकरूंनी नोंदणीकृत करारनामा लावावा. नोटरी केलेला कागद पुष्कळदा मान्य होत नाही. गाडी कंपनीच्या नावावर असेल तर कंपनीचं पत्र लागतं.

अर्जात 'आमच्या भागात प्रवेश द्यावा' असं मोघम लिहू नका. कुठून आत येणार, कुठून बाहेर पडणार, गाडी कुठं उभी राहणार आणि किती वाजता, हे चारही लिहा. गाडी रस्त्यावर न राहता वाड्याच्या आवारात जाणार असेल तर ते ठळक लिहा. पोलिसांना सर्वात जास्त काळजी उभ्या गाडीची असते. दोन प्रती न्या, एकीवर तारखेसह पोच घ्या. घरी डायलिसिसचा रुग्ण असेल तर दवाखान्याच्या पत्रावर वार आणि वेळ लिहून घ्या. नुसती फाइल दाखवून बॅरिकेडवर वेळ जातो, वारांचं पत्र पाच सेकंदांत वाचून होतं.

रिक्षा आणि टॅक्सीचा प्रश्न वेगळा, कारण सूट मिळते ती रहिवाशाच्या गाडीला, रिक्षातल्या रहिवाशाला नाही. तुम्ही आत बसला आहात म्हणून पोलीस रिक्षा आत सोडेलही, पण तुम्हाला उतरवल्यावर तोच रिक्षावाला रिकाम्या गाडीने परत येतो आणि पुढच्या चौकात "आत कशाला गेला होता?" म्हणून त्याला विचारतात. त्याच्याकडे उत्तर नसतं. स्पेशल (शेअरिंग नसलेले) रिक्षावाले बंदीच्या दिवशी आत यायला नाही म्हणतात, त्याचं कारण बहुतेकदा हेच, भाडं नव्हे. दवाखान्यातून माणूस घरी आणत असाल तर डिस्चार्ज कार्डाचा फोटो त्याच्या मोबाइलवर पाठवून द्या. परतताना तो दाखवता येतो.

अॅपवरची टॅक्सी बोलावताना पिन घरावर ठेवू नका. नकाशाला बॅरिकेड दिसत नाही. तो गाडी होळकर पुलावर आणून सोडतो, चालक तिथं अडकतो, थांबण्याचे पैसे वाढतात, शेवटी फेरी रद्द होते. पिन बंदीच्या कडेला ठेवा. गंगेपलीकडच्या पंचवटीतून निघणाऱ्यांना निमाणी किंवा पेठ नाका, अलीकडच्या गावातून निघणाऱ्यांना सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक) किंवा द्वारका बरी पडते. नाशिकरोडला रेल्वे पकडायची असेल तर होळकर पुलाचा विचारच सोडा, कन्नमवार पुलावरून द्वारकामार्गे जा, आणि नेहमीपेक्षा निदान तासभर आधी निघा. म्हातारं माणूस असेल तर घरापासून कडेपर्यंत व्हीलचेअर. वाड्याच्या उंबऱ्यावरून ती उतरवायला दोन जण लागतात, हे आधी धरून चाला.

एकेरी मार्गाबद्दल एवढंच की तिथं रहिवासी म्हणून सूट नसते. 'माझं घर पन्नास पावलांवर आहे' म्हणून उलट्या दिशेने घुसलेल्याला कलम ११९ आणि १७७ खाली पहिल्यांदा ५०० रुपये आणि पुन्हा सापडला तर १,५०० रुपये बसतात. पास असताना चलान आलं तर महाट्रॅफिक अॅपवर तक्रार टाकता येते. पासचा आणि अधिसूचनेच्या सूट-परिच्छेदाचा फोटो दोन्ही जोडा, नुसत्या पासवरून रस्ता कोणता ते कळत नाही. पासची मूळ प्रत काचेवर आणि रंगीत झेरॉक्स घरी ठेवा. पावसात काचेवरची शाई धुऊन निघते, आणि आपल्याकडे सिंहस्थाची स्नानं ऐन श्रावण-भाद्रपदात येतात.