कोणाकडून आलं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. विचारणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही, लेक नऊ वर्षांची झाली आणि नऊ वर्षं हाच प्रश्न ऐकतेय, "तुमच्याकडून आलं की त्यांच्याकडून?" तिला अकॉन्ड्रोप्लेजिया आहे, हातपाय आखूड, बडबड माझ्या दुप्पट. घराण्यात कोणालाच नव्हतं. अशा दहातल्या आठ मुलांचे आईबाप तुमच्याआमच्यासारख्या उंचीचेच असतात. पण एवढं सांगून कोणाचं समाधान होत नाही, बोट दाखवायला माणूस लागतो.

बारावीला सोळा वर्षं हेच शिकवतेय मी, डीएनएची कॉपी कशी निघते ते. त्याच्या चार अक्षरांपैकी ए समोर टी, जी समोर सी, दोन पट्ट्या उसवायच्या, प्रत्येकीवर नवी जोडीदार पट्टी बांधत जायचं, म्हणजे तयार झालेल्या प्रत्येक डीएनएत एक पट्टी जुनी, एक नवी. कॉपी काढणारं प्रथिन, पॉलिमरेज, लाखात एखादं अक्षर चुकीचं लावतं, मग स्वतःच मागे येऊन काढून टाकतं, त्यातूनही सुटलेलं दुरुस्तीवाली दुसरी प्रथिनं पकडतात, आणि शेवटी शंभर कोटींत एखादं उरतं. "नगण्य, पुढे चला," असं मी म्हणायचे. त्या मॅडमना आता विचारावंसं वाटतं, नगण्य कोणासाठी हो? अक्षरं ३०० कोटी आहेत, प्रत्येक बाळ साठ-सत्तर नवे बदल घेऊनच जन्माला येतं, तुमचंही, फक्त बहुतेक बदल कुठेतरी बिनकामाच्या जागी पडतात आणि कळतही नाहीत. आमचा एफजीएफआर-३ नावाच्या जीनमध्ये पडला. जीच्या जागी ए. त्यामुळे प्रथिनाच्या माळेतला ३८० नंबरचा मणी, ग्लायसीन, जाऊन आर्जिनिन आला आणि हाडांना "आता वाढू नका" सांगणारं बटण चालूच राहिलं.

आता जे सांगायचं टाळत होते ते. लेकीचा पहिला वाढदिवस, हॉल भरलेला, आणि नवऱ्याच्या आत्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, सूनबाईंनी ग्रहण कुठे पाळलं, बायोलॉजीवाल्या ना त्या. वर्षभर गिळलेलं सगळं वर आलं. मी म्हटलं, "आत्या, हा बदल जवळजवळ नेहमी बापाकडून येतो. बाईच्या अंड्यांमधलं कॉपी करायचं काम ती जन्मायच्या आधीच संपलेलं असतं, पुरुषाच्या शुक्राणू बनवणाऱ्या पेशी मात्र वर्षाला वीसेक वेळा कॉपी काढत राहतात, आणि तुमचा भाचा तेव्हा एकेचाळीसचा होता." अगदी वर्गात बोलते तशी बोलले, स्वच्छ आवाजात. भाचा लेकीला कडेवर घेऊन केकपाशी उभा होता. त्याने तिला माझ्याकडे दिलं आणि पाण्याच्या बाटल्या आणायला म्हणून गेला, बाटल्या तिथेच होत्या.

रात्री भांडी आवरताना त्याने एवढंच विचारलं, "कधीपासून माहितीये तुला?" रिपोर्ट येऊन आठ महिने झाले होते.

खोटं बोलले का मी? नाही. आणि एकेचाळिशीत बाप झालेल्या बहुतेकांच्या मुलांना काहीही होत नाही, हेही तितकंच खरं होतं, पण ते वाक्य तेव्हा मी मुद्दाम गाळलं. आत्यांना गप्प करायचं होतं ना. शिवाय "कॉपीतली चूक" हासुद्धा माझा सोयीचा शब्द, कारण त्या जागी समोरच्या पट्टीवरचा सी कॉपीची वाट न बघता आपलाआपणच बिघडून टी होऊ शकतो, कॉपी फक्त त्या टीसमोर ए लावून तो बिघाड पक्का करते, आणि असा बदल झालेल्या पेशी वृषणात जरा जास्तच वाढतात असंही दिसलंय. म्हणजे वय, कॉपी, रसायन, कोणाकोणावर ढकलू?

परवा एका लग्नात पंगतीत कोणीतरी परत विचारलं. मी तोंड उघडायच्या आत हा म्हणाला, "माझ्याकडून," आणि वाढप्याला हाक मारून लेकीसाठी अजून एक जिलबी मागितली. चिडून म्हणाला की सहज, मला कळलं नाही, आणि मी विचारलंही नाही.