उड्डाणपूल टाळून केलेला संसार

नवऱ्याचा आकडा 49 वरून 32 वर आला आणि माजी सैनिक आणि त्यांच्या जोडीदारांसाठीच्या आमच्या ऑनलाइन कार्यक्रमाच्या डॅशबोर्डवर त्या जोडप्यापुढे हिरवी खूण लागली. बायकोचा आकडा 46 वरून 40 वर घसरला, त्याची खूण कुठेच नाही. फाइल बंद झाली तरी ही केस डोक्यातून जात नाही, ती याच दोन आकड्यांमुळे. (ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.)

पहिला आकडा पीसीएल-5 या प्रश्नावलीचा. पीटीएसडीची, म्हणजे भयंकर प्रसंगानंतर मनात राहणाऱ्या आघाताच्या आजाराची, 20 लक्षणं घ्यायची, गेल्या महिन्याभरात त्यांचा किती त्रास झाला त्याला प्रत्येकी 0 ते 4 गुण द्यायचे. कमाल 80. बेरीज 31 ते 33 च्या पुढे गेली की पीटीएसडीचा संशय धरून पुढची तपासणी करायची. दुसरा सीएसआय-16 चा, म्हणजे नात्यातल्या समाधानाचा. तो 81 पैकी, आणि 51.5 च्या खाली गेला की नातं अडचणीत आहे असं समजतात. पहिला उतरलेला चांगला, दुसरा चढलेला.

अमेरिकेत माजी सैनिक आणि त्यांच्या जोडीदारांसाठी असे कार्यक्रम ऑनलाइन आले त्याला साधं कारण आहे. माणसं दूरदूर पांगलेली असतात, आणि खासगी थेरपिस्टचं लायसन्स साधारणपणे एका राज्यापुरतं असतं. ब्रायन डॉस आणि अँड्र्यू क्रिस्टेन्सन यांच्या ‘अवररिलेशनशिप’मध्ये जोडपं एक-दोन मुद्दे निवडतं, दोघं आपापलं काम वेगवेगळं करतात आणि टप्पा संपला की एकत्र बसून बोलतात. कँडिस मॉन्सन आणि सहकाऱ्यांचं ‘कपल होप्स’ थेट पीटीएसडीलाच हात घालतं. आमचा कार्यक्रम या दुसऱ्या वळणाचा. मी त्यात कोच, थेरपिस्ट नाही. वीसेक मिनिटांचे फोन करायचे, कुठे अडलंय ते बघायचं, गाडी पुढे ढकलायची.

पहिला फोन मात्र दोघांना वेगवेगळा. मारहाण होते का, भीती वाटते का, बंदूक कुठे असते, कुलपात असते का, हे सगळं जोडीदार शेजारी नसतानाच विचारायचं. स्पीकर चालू असेल तर आवाजावरून कळतं. मग हवापाण्याच्या गप्पा मारायच्या आणि पुन्हा फोन लावायचा. दोघांची उत्तरं एकाच रात्री, दहा मिनिटांच्या अंतराने, एकाच शब्दांत आली तर समजायचं की दोन्ही लॉगिनवर एकच माणूस बसलाय. बहुतेक वेळा बायको. आणि सुरक्षेच्या नावाखाली आमचं पान आपोआप लॉगआउट होतं, तेव्हा लिहिलेलं सगळं जातं. ज्या माणसाने वर्षानुवर्षं तोंड उघडलं नाही, त्याचे तीन परिच्छेद असे उडाले की तो परत लिहायला बसत नाही. हे कितीदा कळवलं; उत्तर येतं, ‘नोंद घेतली आहे.’

तर हे जोडपं. तो इराकमध्ये ताफ्यातला ट्रक चालवायचा. रस्त्याकडेचे स्फोट, पुलांवरून होणारा मारा. घरी आल्यावर उड्डाणपुलाखालून जाताना लेन बदलायचा, मग हळूहळू गाडी चालवणंच सोडलं. दोघांनीही प्रश्न म्हणून ‘संवाद’ निवडला होता. जवळजवळ सगळेच तो निवडतात, त्यावरून काही कळत नाही.

कळलं ते टाळाटाळीच्या यादीवरून. पीटीएसडीमुळे घरात काय काय टाळलं जातं ते दोघांनी स्वतंत्र लिहायचं. त्याच्या यादीत पाच गोष्टी. तिच्या यादीत तेवीस. दुकानात रात्री नऊनंतरच जायचं. हॉटेलात आधी पोचून भिंतीलगतचं टेबल अडवायचं. 4 जुलैच्या, अमेरिकी स्वातंत्र्यदिनाच्या, फटाक्यांना गावाबाहेर. मुलाचा वाढदिवस घरी नाही. आणि उड्डाणपूल नसलेला रस्ता, दर खेपेला पंचवीस मिनिटं जास्त.

यादी उघडल्यावर तो भडकला. ‘मी हे मागितलंच नव्हतं.’ खरंच मागितलं नव्हतं. ती प्रेमापोटी करत गेली, आणि तिने केलं म्हणून पूल त्याच्या डोक्यात धोक्याचाच राहिला. पूल खालून ओलांडून काही होत नाही, हे कळायची वेळच आली नाही. हा भाग समजावताना मला सर्वात जास्त जपावं लागतं. जरा शब्द चुकला की बायकोला ऐकू येतं, ‘तुझ्यामुळे झालं.’

मग भीतीची उतरंड लावली, सोप्यापासून अवघडाकडे. रविवारी सकाळी, रहदारी नसताना, एकच पूल. ती चालवणार, तो शेजारी, लेन बदलायची नाही, रेडिओ नाही. आधी आणि नंतर भीतीला 0 ते 100 आकडा द्यायचा. एकदा करून थांबायचं नाही, भीती उतरेपर्यंत तेच. मग स्टिअरिंग त्याच्या हातात. इथे लोक घाई करतात, थेट वर्दळीच्या हायवेवर जातात, घाबरतात आणि परत फिरतात. ती माघार पहिल्यापेक्षा घट्ट बसते. या दोघांनी घाई केली नाही. तो गाडी चालवायला लागला.

आणि ती रिकामी झाली. शेवटच्या फोनवर म्हणाली, ‘तो दुकानात एकटा जातो. मी घरी बसून त्याच्या फोनची वाट बघते. आणि मला राग येतो, इतकी वर्षं मी हे का केलं म्हणून.’ त्याला भर दुकानात ‘थँक यू फॉर युअर सर्व्हिस’ म्हणणारे भेटतात, तिला कोणी काही म्हणत नाही. कार्यक्रमात तिच्या या रागासाठी एक पानही नाही, कारण पेशंट तो. जोडीदार कागदोपत्री कायम ‘सहभागी’.

तिला यादीचा भाग पुन्हा एकटीने करायचा आहे. जोडप्याची फाइल बंद झाली की दोन्ही लॉगिन बंद होतात, एक उघडता येत नाही, असं वरून कळवलंय. वरच्यांना पूर्ण झालेल्या जोडप्यांची टक्केवारी हवी, आणि हे जोडपं त्यात आधीच मोजलं गेलंय. मी प्रश्न वेगळ्या कागदावर उतरवून तिला पाठवलेत. फक्त ‘काय टाळता?’ हा रकाना काढून तिथे ‘तो टाळत नसेल तेव्हा तुम्ही काय करता?’ असं घातलंय.