कान्याचा पाय

कापड दुकानाच्या बोर्डावर इंग्रजी नाव असलं की हल्ली मी फ्लेअर्ड सेरिफ, म्हणजे फाकलेल्या टोकांच्या अक्षरांचा फॉन्टच घेतो, तोही चांगला जाड. साध्या सेरिफमध्ये दांड्याच्या टोकाला आडवी पट्टी असते. इथे ती नसते. दांडाच कमरेत बारीक होऊन टोकांकडे फाकत जातो. बर्थोल्ड वोल्पेचा अल्बर्टस हा फॉन्ट घ्या. धातूवर उठावात कोरलेल्या अक्षरांवरून तो आला आणि मोठ्या आकारातच खुलतो. बारीक मजकुरात ही कंबर दिसतच नाही, म्हणून पत्त्याच्या ओळीला मी तो कधीच लावत नाही.

मला हा आकार आधी भेटला तो सोलापूरच्या नवी पेठेत, बोर्ड रंगवणाऱ्या काकांच्या हातात. चपट्या ब्रशनं काना ओढताना ते पायाशी आले की ब्रश जरा दाबायचे आणि बोटांत किंचित फिरवायचे. काना खाली रुंद व्हायचा, कोपरा धारदार निघायचा. रोममधल्या ट्राजनच्या स्तंभावरची अक्षरं छिन्नी लागण्याआधी चपट्या ब्रशनं लिहिली होती, असं एडवर्ड कॅटिच यांनी १९६८ साली मांडलं. ते पाद्री होते, पण तरुणपणी शिकागोत बोर्डही रंगवायचे. त्यांचं म्हणणं मला लगेच पटलं, कारण तो हात मी रोज बघत होतो.

खरी कसोटी मराठी नावाची. २०२२ पासून तर नियमच आहे, दुकानाच्या पाटीवर देवनागरी इतर लिपीपेक्षा लहान चालत नाही. मग इंग्रजी इतकं डौलदार आणि मराठी नुसतं ठोकळ्यासारखं, हे मला सहन होत नाही. पण इंग्रजीचा फाकवा जसाच्या तसा उचलता येत नाही. इंग्रजी दांडा दोन्हीकडे मोकळा असतो. आपला काना वर शिरोरेषेला चिकटलेला. तिथेही फाकवला तर जाड वजनात (म्हणजे फॉन्टच्या जाड रूपात) सांध्याशी काळा डाग पडतो, आणि गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या वेळी होम मैदानाजवळ लांबून बघितलं की 'म' आणि 'भ' एकच वाटतात. म्हणून वरचा सांधा सरळ ठेवायचा, फाकवा फक्त पायाला द्यायचा. कॅथरीन ली श्मिट यांचा यात्रा वन हा देवनागरी फॉन्ट मला म्हणूनच आवडतो: रेल्वेच्या रंगवलेल्या पाट्यांवरून केलेला, चपट्या ब्रशसारखी तिरकी कापलेली टोकं.

एक विनंती फ्लेक्स करणाऱ्या मित्रांना. गिऱ्हाईक म्हणतं, "अजून जाड करा की ओ," आणि आपण कोरलड्रॉ या सॉफ्टवेअरमध्ये अक्षराभोवती आउटलाइन चढवतो. तसं करू नका. आउटलाइन सगळीकडून सारखीच वाढते, कंबर भरते, कोपऱ्याची सेटिंग गोल असेल तर कोपरेही गोल होतात. त्यापेक्षा बोल्ड वजनच घ्या. नसेल तर कान्याच्या पायाचे दोन नोड (आकाराचे कोपऱ्यातले बिंदू) हातानं बाहेर ओढा. 'सिद्धेश्वर' लिहिताना मी तेच करतो, वेळ लागला तरी.